आमची वाटचाल : वेर्ण्याचा इव्हॅपरेटर

वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना छोटासाच. अतिउच्च निर्वातात धातूचे पातळ थर बसवणारे इव्हॅपरेटर आम्ही बनवतो. बरीच वर्षे काम सुरळीत चालले. मग एका मोठ्या संस्थेने यंत्र परत पाठवले. तक्रार अशी, की गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकावर लोखंडाचे चार अणुथर बसवूनही चुंबकत्वाचा लूप (चुंबकीय क्षेत्र मागेपुढे केल्यावर आलेखात उमटणारा फास, लोहचुंबकाची खूण) दिसत नाही. पैसे अडले, बँकेचे हप्ते थकले. एका प्रतिस्पर्ध्याने त्याचेच भांडवल केले आणि ठरलेल्या ऑर्डरी पळवल्या.

यंत्रात काहीच दोष नव्हता! गॅलियम आर्सेनाइडवर लोखंड आधी सुट्या बेटांनी वाढते. ती बेटे जुळेपर्यंत, म्हणजे साधारण पाच अणुथरांपर्यंत, खोलीच्या तापमानाला लूप मिळतच नाही. हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असते, तरी बोल आम्हालाच.

आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, एक प्राध्यापक बाई, तेव्हा पाठीशी उभ्या राहिल्या. त्याच यंत्रातून त्यांनी वीस अणुथर बसवले, जेमतेम 2.9 नॅनोमीटर. वेफर, म्हणजे गॅलियम आर्सेनाइडची चकती, मुद्दाम तापवला नाही, कारण उष्णतेने आर्सेनिक लोखंडात मिसळते आणि चुंबकत्व घटते. गंज चढू नये म्हणून वर सोन्याचा थर दिला. केर परिणामाने, म्हणजे चुंबकावरून परतलेल्या प्रकाशातल्या बदलावरून, मोजले तेव्हा स्फटिकाच्या [110] नावाच्या दिशेला लूप चौकोनी आला आणि नमुना 90 अंश फिरवताच तो तिरका पडला. लोखंड वेफरच्या स्फटिकाला धरून वाढल्याची ही चांगली खूण.

आमच्या गनमध्ये, म्हणजे इव्हॅपरेटरच्या वाफ काढणाऱ्या भागात, लोखंडाची 2 मिलिमीटरची कांडी असते. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तिचे टोक तापते. लोखंड वितळण्याआधीच पुरेशी वाफ देते, म्हणून टोक वितळू देऊ नये, थेंब पडतो. कांडीवर धन व्होल्टेज असल्याने लोखंडाचे आयन (विद्युतभारित अणू) जोरात वेफरवर आदळतात आणि पृष्ठभाग खराब करतात. त्यांना वळवणाऱ्या पट्ट्या आम्ही सुरुवातीपासून देतो. काही स्वस्त यंत्रांत त्या नसतात, तेव्हा दर मागताना हे आधी विचारा.

आणखी एक. निर्वात चेंबरमध्ये पितळेचा स्क्रू कधीच लावू नका, बेकिंगमध्ये (निर्वातासाठी चेंबर तापवताना) त्यातले जस्त उडून सगळीकडे बसते. तांब्याचे गॅस्केट दर वेळी नवेच घाला. गोव्याच्या पावसाळ्यात चेंबर उघडायचे असेल तर कोरडा नायट्रोजन भरूनच उघडा, नाहीतर भिंतींवर बसलेले पाणी काढायला बेकिंग लांबते.

बाईंचा तो आलेख आम्ही त्या संस्थेला पाठवला. यंत्र त्यांनी पुन्हा नेले, वापरलेही. बिलाची बाकी मात्र अजून आलेली नाही.