शाफहाउझेनवरील बॉम्बहल्ला : एका माहितीपत्रकामागची शोधाशोध

झुरिचच्या परिसरात राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे दरवर्षी एक सहल काढतो. या वेळी ऱ्हाईनचा धबधबा आणि त्याला लागूनच असलेले शाफहाउझेन शहर पाहायचे ठरले, आणि शहराच्या इतिहासाचे मराठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. भारतातून येणाऱ्या पर्यटकांच्या बसगाड्या धबधब्यापाशी थोडा वेळ थांबून परस्पर पुढे जातात. हाकेच्या अंतरावरच्या या शहरावर, स्वित्झर्लंड तटस्थ असतानाही, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले होते, हे आमच्यातील बहुतेकांच्या गावीही नव्हते. तेव्हा पत्रकात सर्वांत जास्त जागा याच विषयाला द्यायची, हे मी मनाशी पक्के केले.

ठोकळ तपशील कोठेही सापडतो. 1 एप्रिल 1944, शनिवार, सकाळी अकराच्या सुमाराची वेळ. बी-24 लिबरेटर जातीच्या सुमारे 50 विमानांनी स्फोटक आणि आगलावे असे सुमारे 400 बॉम्ब टाकले. त्यात 40 माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे 270 जखमी झाली. रेल्वे स्थानकाला फटका बसला, निसर्गविज्ञानाचे संग्रहालय नष्ट झाले, आणि आलेरहायलिगन संग्रहालयातील टोबियास श्टिमर या शाफहाउझेनच्याच सोळाव्या शतकातील चित्रकाराची चित्रे जळून गेली. भोंगे वाजले होते, परंतु वर्षानुवर्षे ते वाजत आणि विमाने डोक्यावरून निघून जात, त्यामुळे लोक तळघरात न जाता रस्त्यावर उभे राहून आकाशाकडे पाहत होते.

खरी अडचण यापुढे सुरू झाली, कारण ज्याला विचारावे तो हलक्या आवाजात एक गोष्ट सांगे : येथील कारखाने जर्मनीला माल पुरवत होते, म्हणून अमेरिकेने मुद्दाम अद्दल घडवली. गोष्ट कानाला पटते, आणि कारखान्यांनी माल पुरवल्याचा भाग खोटाही नाही. पण पत्रकात लिहायचे तर आधार हवा, म्हणून मी त्या दिवसाच्या मोहिमेची नोंद शोधली. लक्ष्य होते लुडविग्जहाफेन येथील रसायनांचे कारखाने, म्हणजे शाफहाउझेनच्या उत्तरेस सुमारे 200 किलोमीटर. ढग इतके दाट होते की आघाडीची तुकडी फ्रान्सवरूनच माघारी फिरली, आणि मागून आलेली विमाने पांगून मिळेल त्या शहरावर बॉम्ब टाकू लागली. त्यात जर्मनीतील फॉर्झहाइम होते, तसेच फ्रान्सचे स्ट्रासबर्गही होते. ज्यांना जर्मनांच्या तावडीतून सोडवायचे त्या फ्रेंचांच्या शहरावरही त्याच दिवशी बॉम्ब पडले, हे कळल्यावर माझ्या लेखी अद्दल घडवण्याची गोष्ट संपली. नकाशा पाहिला की उरलेलेही उलगडते. शाफहाउझेन ऱ्हाईनच्या उत्तर तीरावर आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना जर्मनी आहे. नदी हीच सरहद्द असे समजणाऱ्या वैमानिकाला ते जर्मन शहर वाटणे सहज शक्य होते. हल्ल्यानंतर लोकांनी छपरांवर स्विस क्रूस रंगवले, ते उगीच नव्हे.

त्या काळातील वर्तमानपत्रे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात, मात्र अनेकांची छपाई जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत आहे. त्यात 'के' आणि 'टी' जुळी भावंडे वाटतात, आणि 'एस'चे लांब रूप 'एफ' म्हणून वाचले जाते. शाळेत मोडी शिकलेले माझे सासरे त्या वेळी आमच्याकडे होते. जर्मन येत नसतानाही अक्षरांची वळणे त्यांनी माझ्याआधी ओळखली. अभिलेखागारात कागद हाताळताना शाईचे पेन चालत नाही, सगळी टिपणे शिसपेन्सिलीने घ्यावी लागतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

त्या काळी अमेरिकी हवाई दलात अधिकारी असलेले हॉलिवूड अभिनेते जेम्स स्टुअर्ट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रकरणी लष्करी खटला चालला, असे आमच्यातील एका काकांनी ठामपणे सांगितले. खटला खराच झाला होता आणि स्टुअर्टही खरेच होते, पण तो 4 मार्च 1945 रोजी झुरिचवर पडलेल्या बॉम्बबद्दल होता, आणि आरोपी निर्दोष सुटले. काकांना वाईट वाटू नये म्हणून ती ओळ मी वेगळ्या चौकटीत ठेवली.

सर्वांत जास्त वेळ भरपाईच्या आकड्यांनी खाल्ला. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने 10 लाख डॉलर दिले आणि ऑक्टोबरमध्ये आणखी 30 लाख. त्यानंतर वाटाघाटी चालत राहिल्या आणि अखेर 21 ऑक्टोबर 1949 रोजी व्याजासह 6,21,76,433 फ्रँक आणि 6 रापेन (रापेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) या रकमेवर तडजोड झाली. पत्रकाचा मसुदा तपासणाऱ्या मैत्रिणीने "नुसते सहा कोटी लिही, रापेन कोण वाचणार?" असे सुचवले. मी नकार दिला. काच, कौल, दुकानातला माल, माणसाचा हात असा एकेक हिशेब जोडत गेल्याशिवाय शेवटी 6 रापेन येत नाहीत. मात्र तिची दुसरी सूचना लगेच मान्य केली : ही रक्कम एकट्या शाफहाउझेनची नाही. झुरिच, बाझल, श्टाइन आम ऱ्हाईन अशा युद्धकाळात बॉम्ब पडलेल्या साऱ्या ठिकाणांची भरपाई तीत आली, आणि तसे स्पष्ट लिहूनच पत्रक छपाईला गेले.