प्रॉम्प्टरची प्रत

हौशी नाट्यसंस्थेला पन्नास वर्षं झाली की स्मरणिका निघते. संस्थापकांचे फोटो, मान्यवरांच्या शुभेच्छा, सराफांच्या जाहिराती आणि पारितोषिकांची यादी. पुढची मंडळी ही यादी म्हणजेच संस्थेचा इतिहास समजून चालतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच पडलेली नाटकं त्यात कुठून येणार? आणि पडलेली नाटकं तर प्रत्येक संस्थेकडे ढिगानं असतात.

इतिहास शोधायचा तर आधी प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं पुरवणाऱ्याची प्रत शोधावी. छापील पुस्तकाची पानं सुटी करून प्रत्येक पानासमोर कोरा कागद डकवलेली, पेन्सिलीनं भरलेली. काटलेली वाक्यं, पात्रांच्या हालचालींचे बाण, लाइट आणि म्युझिकचे क्यू, सगळं तिच्यात असतं. अंकाच्या शेवटी कोपऱ्यात बहुधा मिनिटं टिपलेली असतात. तालमींत अंक पाठ होत जातो तशी ती कमी होतात आणि प्रयोगाच्या दिवशी एकदम चार-पाच मिनिटांनी वाढतात. हा हशा. कुठल्या गावचे प्रेक्षक हसले आणि कुठले ढिम्म बसले, हे एवढ्या आकड्यांवरून कळतं. वृत्तपत्रातल्या परीक्षणावरून कळेलच असं नाही. प्रयोगाआधी नाटकाची संहिता तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाची शिक्क्याची संहिता सापडली तर ती शेजारी ठेवावी. मंजुरीनंतर तालमीत काय काय बदललं, ते ओळीओळीला दिसतं.

हस्तपत्रिकेवर मात्र फार विसंबू नये. ती काही दिवस आधीच छापखान्यात गेलेली असते. ऐनवेळी कुणाची बदली झाली, कुणाला ऑफिसातून रजा मिळाली नाही, की पत्रिकेत जुनंच नाव राहतं आणि उभा राहिलेला नट कायमचा बेपत्ता होतो. त्याचं नाव प्रॉम्प्टरनं पेन्सिलीनं लिहिलेलं असलं तर असलं. फोटोंचंही तेच. बरेचसे रंगीत तालमीनंतर पात्रांना जागेवर उभं करून, फ्लॅश मारून काढलेले. नेपथ्य आणि कपडे त्यांत नीट दिसतात. प्रकाशयोजनेबद्दल असा फोटो काहीही सांगत नाही. 'त्या काळी स्टेजवर भगभगीत उजेड असायचा' असली विधानं याच फोटोंवरून होतात.

जुने फ्लॅट मिळाले तर भाग्यच. लाकडी चौकटीवर ताणलेलं मांजरपाट, सरसात कालवलेला रंग. नवं नाटक आलं की त्याच कापडावर नवा हात. कडेला, खिळ्यांच्या रांगेजवळ पोपडा हलकेच उचलला की थर दिसतात: बंगल्याच्या दिवाणखान्याचा पिस्ता, खाली वाड्याच्या भिंतीचा गेरू, त्याखाली एखादं आभाळ. थर मोजून नाटकांचा क्रम लावता येतो, पण चिकाटी हवी. आठ-दहा हात झाले की फ्लॅट जड होतो, कापड झोल खातं, आणि पावसाळी हवेत सरस सुटून रंगाचे पापुद्रे गळू लागतात. मग कुणीतरी कापड फाडून चौकट तेवढी ठेवतो आणि पंधरा वर्षांचं नेपथ्य कचऱ्यात जातं.

फुटीबद्दल स्मरणिका चकार शब्द काढत नाही. ती हिशेबाच्या वहीत सापडते. वर्गणीच्या रकान्यातून एकाच महिन्यात सात-आठ नावं गळतात, आणि पुढच्या मोसमात कपडेपट भाड्यानं आणल्याची नोंद दिसते. म्हणजे पेटारा जाणाऱ्यांबरोबर गेला. फूट म्हणजे नेहमी ऱ्हासच, असं आम्हाला वाटत नाही. १९७२ साली पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं, वाद पेटल्यावर संस्थेनं प्रयोग थांबवले, आणि ते नाटक करणारी मंडळी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. पुढे हे नाटक परदेशातही गेलं. एकाच संस्थेचे कागद चाळले तर यातली अर्धीच गोष्ट हाती लागते.

संस्थेचं मूळ शोधतानाही स्थापनेच्या तारखेपाशी थांबू नये. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ मध्ये सुरू झाली; महाविद्यालय सुटलं तरी तालमीची खोड न सुटलेल्यांनी पुढे आपापले गट बांधले. नोंदणीचा कागद यायला कधीकधी दोन-तीन नाटकं उलटून जातात.

पार्श्वसंगीताच्या स्पूल टेप मिळाल्या तर लगेच वाजवून बघण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळलेल्या टेपमध्ये एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो आणि ढगांच्या गडगडाटाआधी त्याचीच पुसट चाहूल ऐकू येते. म्हणून टेप शेवटचं टोक बाहेर ठेवून साठवावी. मग उमटलेला आवाज मूळ आवाजाच्या मागून येतो आणि त्यात बुडून जातो. प्रॉम्प्टच्या प्रतीतल्या गंजलेल्या टाचण्या आधी काढाव्यात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तो पिवळा पडून अक्षरांसकट निघतो. पेन्सिल पुसट झाली असेल तर दिवा एका बाजूनं, पानाला जवळजवळ टेकवून धरावा. टोकाचा दाब कागदावर राहिलेला असतो. स्कॅन करताना कोरी दिसणारी पानंही सोडू नयेत. काटछाट फार झाली की प्रॉम्प्टर मागच्याच बाजूला लिहीत सुटतो.