आत्याचा गुडघा

आज बांबोळीच्या हॉस्पिटलातून डोक्याला रेडिएशन घेऊन परत येताना आत्या फोंड्याच्या स्टँडवर कदंबा बसच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरली आणि मला म्हणते, "बघ रे, शेक डोक्याला दिला आणि बरा झाला गुडघा!"

दोन वर्षं सुजलेला गुडघा. चवथीला पाटावर बसता येत नव्हतं तिला. आता वाटी स्पष्ट दिसतेय.

क्षणभर मलापण खरं वाटलं, कारण एका जागी रेडिएशन दिल्यावर दूरची कॅन्सरची गाठ लहान झाल्याच्या केसेस आहेत, १९५३ पासून त्याला अ‍ॅबस्कोपल इफेक्ट म्हणतात, पण ते फार क्वचित, आणि ते गाठीबद्दल, संधिवाताबद्दल नव्हे.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, ही डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची करामत. मेंदूची सूज उतरावी म्हणून दिलेली ती एवढीशी गोळी रक्तातून सगळीकडे जाते, गुडघ्यातपण. त्यामुळेच साखर वाढलीय, रात्रभर डोळा लागत नाही, चेहरा गोल झालाय. आणि ती एकदम बंद करायची नसते, हळूहळूच कमी करायची, कारण तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं.

म्हणजे गोळी कमी झाली की गुडघा परत सुजू शकतो. हे तिला आजच सांगू, की चार दिवस चालू दे?