नामेकवरची पाच मिनिटं

फ्रीझानं नामेक ग्रहाच्या पोटात गोळा सोडला, "पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार" म्हणून जाहीर केलं, आणि परभणीतली लाईट गेली.

आमच्याकडं लाईट अचानक जात नसे. तिची जायची वेळ ठरलेली होती आणि ती घरोघरी तोंडपाठ होती. फक्त कार्टून नेटवर्कवाल्यांना ती कुणी कळवली नव्हती. त्यामुळं ड्रॅगन बॉल झी ऐन रंगात आलं की पडदा काळा. मग ओट्यावर येऊन बसायचं, डास मारायचे आणि त्यातल्या नायकाचं, गोकूचं, काय झालं असेल याचा घोर लावून घ्यायचा. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, हा शब्द तेव्हा गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. ते कार्टून होतं, आणि आज्जीच्या भाषेत 'केसं उभी असलेलं भांडखोर लेकरू'.

गल्लीत एकाच घरी इन्व्हर्टर होता. त्या घरचा पोरगा माझ्याच वर्गात. त्याचं खरं नाव मास्तर सोडून कुणी घेत नसे, सगळे त्याला इन्व्हर्टरच म्हणायचे. सकाळी शाळेच्या वाटेवर तो राहिलेला भाग सांगे. मोबदला म्हणून चिंचेच्या दोन गोळ्या, आणि रविवारची मारामारी असेल तर चार.

"मग काय झालं बे?"

"गोकूनं त्याला विहिरीकडं नेलं."

"नामेकवर विहीर?"

"मग पाणी कुठून पितेत ते?"

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. नामेकचे हिरवे लोक नुसत्या पाण्यावर जगतात हे आम्ही पाहिलेलं होतं. म्हणजे विहीर असणारच. फ्रीझाची शेपटी रहाटात अडकली. गोकू दोर ओढायला लागला. दुसऱ्या दिवशीही शेपटी अडकलेलीच होती. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "किती मिनिटं झाली?"

"दोन."

"काल बी दोनच होती."

"लढाईत घड्याळ हळू चालतं राव. तुला कधी मारलंय का कुणी?"

मला मारलेलं होतं, त्यामुळं पटलं.

खरी मालिका पाहायला २०१६ उजाडलं. मी लातूरला शिकत होतो. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही पोरं खोलीत बादल्या दाराशी मांडून बसायचो. कुणीतरी पेन ड्राइव्हवर सगळे २९१ भाग आणलेले होते. टँकरवाल्याला फोन केला की तो म्हणे, "पाच मिनटात आलो." त्या पाच मिनिटांत आमचे दोन-दोन भाग पाहून व्हायचे.

लहानपणी जे कळलं नव्हतं ते तिथं कळलं. नामेकवर पूर्वी दुष्काळ पडलेला असतो. हवामान बिघडून सगळी माणसं मरतात, एकच उरतो. त्याची लेकरं पुढं गावोगाव झाडं लावत बसतात, जुनी हिरवळ परत यावी म्हणून. आकाशात तीन सूर्य, रात्र म्हणून नाहीच. आम्हाला मे महिन्यात एकच पुरतो. हे पाहताना खोलीत कुणी बोललं नाही. एकजण उठून टँकर आला का पाहून आला.

आणि ती पाच मिनिटं! ती जवळपास दहा भाग चालतात. विहीर नाही, रहाट नाही. दोघं एकमेकांकडं बघतात, दगड हवेत तरंगतात, वीज चमकते, परत बघतात. मला फसवल्यासारखं झालं, आणि फसवलं कुणी म्हणावं तर इन्व्हर्टरनं नाही, जपान्यांनी.

कारण साधं आहे. मूळ चित्रकथा काढणारा तोरियामा दर आठवड्याला मासल्यापुरती पानं काढणार, आणि टीव्हीवाल्यांना दर आठवड्याला अख्खा भाग दाखवायचा. कागद मागं पडतो, पडदा पुढं येतो. मग पडद्यावर एक बुक्की तीन वेळा उगारायची, किंवा मूळ गोष्टीत नसलेला मजकूर भरायचा. याला चाहते 'फिलर' म्हणतात आणि नाकं मुरडतात. नारुतो नावाच्या दुसऱ्या अ‍ॅनिमेच्या दोन्ही मालिका मिळून ७२० भाग, त्यातले कोणते गाळायचे याच्या याद्या फिरत असतात. मी नाही गाळत. सप्त्यातले महाराज सीतेच्या स्वयंवरापर्यंत पोचायच्या आत शेजाऱ्याची म्हैस, जावयाची मोटारसायकल आणि सरपंचाची निवडणूक फिरून येतात. मंडपातून कुणी उठून जातं का?

नोकरी लागल्यावर इन्व्हर्टर आणि मी मुंबईला अशा चाहत्यांच्या मेळाव्याला जायचं ठरवलं. मी गोकू होणार होतो. नारिंगी कापड घेऊन टेलरमामांकडं गेलो.

"कोण्या दिंडीचं हे?"

"दिंडीचं नाही मामा, कार्टूनचं."

"मग शिलाई जास्ती लागंल. बस पाच मिनटं, नाडी लावायलो." दिवेलागणीपर्यंत बसलो.

रात्रीची देवगिरी पकडली. सकाळी डब्याच्या आरशात केसांना जेल फासलं. ठाण्यापर्यंत केस उभे होते, दादरला लोकलमध्ये शिरलो आणि आडवे झाले. गोरेगावला पोचलो तेव्हा मी गोकूपेक्षा भिजलेला वारकरी जास्त दिसत होतो. पण आत गेल्यावर कुणी हसलं नाही. पुठ्ठ्याच्या तलवारी, फोमची चिलखतं, बायकांच्या वेशातले पुरुष, पुरुषांच्या वेशातल्या पोरी. सगळे एकमेकांना नावानं हाका मारत होते, म्हणजे सोंगाच्या नावानं. आमच्या गल्लीत बहुरूपी पोलीस होऊन आला की म्हातारीकोतारीसुद्धा त्याला "साहेब" म्हणून पैसे द्यायची, तसंच.

एक दहा वर्षांचा फ्रीझा माझ्याबरोबर फोटो काढायला आला. पांढरा अंगरखा, मागं कापसाची शेपटी. इन्व्हर्टरला राहवलं नाही. त्यानं खाली बसून त्या पोराला विहिरीची गोष्ट सांगायला घेतली. पोरानं शेपटीपर्यंत ऐकलं.

"काका, असं काही नाहीये. मी काई पाहिलंय. त्यात फालतू सगळं कापलंय."

खरंच होतं ते. २००९ साली 'काई' नावानं मालिकेची छाटलेली आवृत्ती आली होती.

परतीच्या गाडीत इन्व्हर्टर मनमाडपर्यंत गप्प होता. मी म्हटलं, "मनाला नको लावून घेऊ. आपल्या वेळी तूच एकटा पाहत होतास."

त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"अबे, आमच्या इन्व्हर्टरवर एक ट्यूब अन् एक पंखा होता. टीव्ही चालायचाच नाही."

"मग?"

"अन् चालला असता तरी, केबलवाल्याचं मशीन काय बैलावर चालायचं का?"