तुम्ही विचारलंत म्हणून : डिजिटल प्रेस परवडते का?

फोंड्यातल्या आमच्या छापखान्यात डिजिटल प्रेस आल्यापासून गोव्यातले, तसेच सावंतवाडी-बेळगावकडचे व्यवसायबंधू भेटले की एकच प्रश्न विचारतात : एवढे महागडे यंत्र घेतलेत, ते परवडते का? चहा संपेपर्यंत देता येईल एवढे हे उत्तर छोटे नाही, म्हणून ते लिहून काढतो आहे.

परवडते. मात्र ज्या छपाईवर भाळून आपण असे यंत्र घेतो, त्या छपाईवर त्याचा जमाखर्च फारसा ठरत नाही. आज या वर्गातले कोणतेही यंत्र उत्तमच छापते. हिशेब ठरतो तो कोणते काम त्यावर चढवायचे, ग्राहकाची फाइल कशी हाताळायची आणि कागद कोणत्या हवेत ठेवायचा, यांवर.

ऑफसेटवर, म्हणजे प्लेटांवरून छापणाऱ्या जुन्या यंत्रावर, चार रंगांचे काम घ्यायचे तर चार प्लेटा काढाव्या लागतात, रंग जुळून शाई-पाण्याचा तोल सावरेपर्यंत बरेच कागद वाया जातात, आणि हा खर्च शंभर प्रती असोत की दहा हजार, तेवढाच येतो. डिजिटलवर दुसरी-तिसरी प्रतच ग्राहकाच्या हाती देण्याजोगी निघते, पण प्रत्येक छाप्यामागे कंपनीला भरायचा क्लिकचा दर शेवटच्या प्रतीपर्यंत खाली उतरत नाही. दोहोंमधली सीमारेषा आमच्या हिशेबाने पाचशे ते हजार प्रतींच्या दरम्यान पडते आणि कामाच्या आकारानुसार ती पुढेमागे सरकते. त्यामुळे कॅलेंडरे, हँडबिले आणि बिलबुके आजही ऑफसेटवरच होतात, आणि जुने यंत्र विकले का, या पुरवणी प्रश्नाचे उत्तर अर्थातच नकारार्थी आहे.

क्लिकच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेते आपण होऊन सांगत नाहीत. विद्यापीठाचे विद्यार्थी प्रबंध छापायला आणतात, तेव्हा वर्डमधून काढलेल्या त्या फाइलीतला काळा मजकूर पुष्कळदा निव्वळ काळा नसतो, तर चार रंगांच्या मिश्रणातून तयार झालेला असतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण मीटर ते पान रंगीत म्हणून मोजतो, आणि रंगीत क्लिक काळ्या क्लिकच्या कितीतरी पट महाग असतो. छपाईला सोडण्यापूर्वी प्रत्येक फाइल तपासणारा जाणकार माणूस संगणकावर बसवणे हा म्हणूनच यंत्राच्या किमतीतलाच एक भाग समजावा.

आता हवेविषयी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवेतली आर्द्रता कित्येकदा ९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि छपाईच्या कागदाला मानवते ती ५० टक्क्यांच्या जवळपासची. कोरड्या टोनरची, म्हणजे शाईच्या भुकटीची, छपाई ही विद्युतभाराच्या जोरावर चालते. दमट कागदातून तो भार निसटतो, टोनर सारखा उतरत नाही आणि एकसंध गडद रंगात ढगाळ डाग दिसू लागतात. शिवाय असा कागद टोनर तापवून पक्का बसवणाऱ्या फ्यूजरच्या उष्णतेतून जाताना अंगातले पाणी एकदम सोडतो, पापडासारखा वळतो आणि आकाराने किंचित आक्रसतो. मग पाठपोट छपाईत दुसरी बाजू पहिलीवर बसत नाही. विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री एसी आणि आर्द्रताशोषक यंत्र बंद करणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांनी वाचवलेले पैसे सकाळी रद्दीच्या गठ्ठ्यात मोजता येतात. आमच्याकडे ही दोन्ही यंत्रे पावसाळाभर अहोरात्र चालतात, कागदाचे रीम वेष्टनासह आदल्या दिवशीच त्या खोलीत आणून ठेवले जातात आणि काम चढवायच्या वेळीच फोडले जातात. उरलेला कागद लगेच पुन्हा गुंडाळला जातो.

या यंत्राने आणलेले सर्वांत चांगले काम म्हणजे निमंत्रिताचे नाव पत्रिकेतच छापण्याचे. प्रत्येक प्रतीवर वेगळा मजकूर ही ऑफसेटला न जमणारी गोष्ट येथे सहज होते, असे जाहिरातीत म्हणतात. इंग्रजीत ते खरेही आहे. देवनागरीत मात्र रचनेचा संगणकीय कार्यक्रम जोडाक्षरे जाणणारा नसेल, तर ‘कुंकळ्येकर’मधला ‘ळ्ये’ फुटून मधला हलन्त उघडा पडतो आणि ‘प्रियोळकर’मध्ये ‘प्र’च्या डावीकडे हवा असलेला ऱ्हस्व इकार उजवीकडे जाऊन बसतो. इनडिझाइन या पानमांडणीच्या कार्यक्रमात त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो, आणि यजमानांनी नावांची यादी युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टात दिली असेल, तर ती आधी बदलून घेऊन एकेक नाव डोळ्यांखालून घालावे लागते. राशोलला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठीत असूनही रोमन अक्षरांत छापले गेले. आपल्या लिपीने गोव्यातल्या छापखान्याला जेरीस आणणे काही नवे नाही! पण हेच काम काळजीपूर्वक करून देणारे थोडे असल्यामुळे त्याला दरही चांगला मिळतो.

टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, त्यामुळे गडद रंगाची जाड पत्रिका नुसती दुमडली तर घडीवर पांढरी चीर उमटते. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने येईल अशी मांडणी करून आधी क्रीझिंग करणे, म्हणजे घडीची रेघ दाबून घेणे, हा त्यावरचा उपाय. एकूणच छपाई मिनिटांत होते आणि कटिंग, क्रीझिंग, लॅमिनेशन, बाइंडिंग यांपाशी कामे तुंबतात, तेव्हा यंत्राबरोबर या विभागासाठीही भांडवल काढून ठेवावे.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या छोट्या उत्पादकांची थोड्या थोड्या बाटल्यांची लेबले हे आम्हाला मिळालेले आणखी एक काम. बर्फाच्या बादलीत भिजणाऱ्या बाटलीला साधा कागद टिकत नाही, प्लास्टिकची फिल्म लागते, आणि प्रत्येक फिल्म फ्यूजरची उष्णता सोसत नाही. एखादी आत वितळून चिकटली की दुरुस्तीचा खर्च लेबलांच्या बिलापेक्षा मोठा होतो, म्हणून यंत्राला मानवणारी फिल्मच वापरायची, ग्राहकाने आणलेली स्वस्त फिल्म घ्यायची नाही, हे आम्ही ठरवून टाकले आहे.

तुम्ही यंत्र बघायला जाणार असाल, तर शोरूममधल्या वातानुकूलित खोलीत, त्यांच्या कागदावर काढलेले नमुने पाहून परत येऊ नका. आपल्या नेहमीच्या कागदाचा गठ्ठा, देवनागरी नावांची एक लांबलचक यादी आणि गडद रंगाची, घडीची एक पत्रिका बरोबर न्या, आणि जमल्यास पावसाळ्यात जा. बिघाड झाल्यावर अभियंता किती तासांत छापखान्यात पोहोचेल, हे करारात लिहून घ्या, कारण गोव्यात तशी व्यवस्था नसेल तर तो बाहेरून येणार, आणि लग्नसराईत दोन दिवस थांबायला कोणतेही यजमान तयार नसतात. आमच्या करारात तो आकडा लेखी आहे. तो घालून घेण्यासाठी किमतीतली मोठी सूट आम्हाला सोडावी लागली.