ब्रो ब्रिजला क्रॉफिश खायला जाताय? आधी पौंडाचा हिशेब समजून घ्या

आम्ही सहा जण होतो: मी, बायको, चिपळूणहून आलेली आई, बारा वर्षांचा मुलगा आणि ह्यूस्टनचंच एक मित्र-जोडपं. न्यू ऑर्लिन्सला दोन दिवस झाले, छान झाले, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ह्यूस्टनला परतीच्या वाटेवर, लुईझियानातल्या ब्रो ब्रिज या गावात केलेल्या एका जेवणाबद्दल. त्या जेवणाचं बिल १९५ डॉलर झालं, त्यावर कर, त्यावर टिप, आणि टिप मी दोनदा दिली.

दिवस गुड फ्रायडेचा होता. पहिली चूक तीच. दक्षिण लुईझियाना कॅथलिकांचा मुलूख आहे. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, आणि गुड फ्रायडेला तर घरोघरी उकडलेली क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा कवचाचा जीव. म्हणजे मागणी सगळ्यात जास्त आणि रांगही सगळ्यात लांब. क्रॉफिशचा हंगाम साधारण जानेवारी ते मे-जून, त्यातला मार्च-एप्रिल उत्तम. मार्च-एप्रिलमध्येच जा, पण हा एक दिवस सोडा.

न्यू ऑर्लिन्सहून अकराला निघालो. दोन तासांचा रस्ता. बॅटन रूझ ओलांडलं आणि आय-१० या महामार्गावरचा अचाफलाया खोऱ्याचा पूल लागला. दलदलीवरून जाणारा हा पूल १८ मैलांचा, म्हणजे जवळजवळ २९ किलोमीटर आहे. मध्ये उतरायला जागा नाहीच म्हणा. पुढे कुठेतरी ट्रकचा अपघात झाला आणि आम्ही त्या पुलावर दोन तास एका जागी उभे. खाली पाणी, दोन्ही बाजूंना कठडा, गाडीत सहा माणसं आणि खायला काही नाही, कारण सगळ्यांनी पोटं मुद्दाम रिकामी ठेवलेली. बॅटन रूझ सोडण्यापूर्वी फोनवर पुलाची स्थिती बघाच. लाल दिसला तर सरळ हायवे १९० पकडा, तो उत्तरेकडून फिरून जातो. गाडीत पाणी आणि दशम्या ठेवा. वयस्क माणूस बरोबर असेल तर पुलाआधी बाथरूमला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. आईचे त्या दोन तासांत जे हाल झाले ते मी विसरणार नाही.

साडेतीनला ब्रो ब्रिजला पोचलो, एक्झिट १०९. बायू टेश नावाच्या संथ ओढ्यावरचं हे टुमदार गाव. १९५९ साली राज्याच्या विधिमंडळाने याला क्रॉफिशची जागतिक राजधानी ठरवलं. जेवणघर जुनं, लाकडी, टेबलावर कागद अंथरलेला. आणि तिथे कळलं की उकडलेली क्रॉफिश पाचनंतरच मिळते. त्या भागात बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. निघताना एक फोन करून विचारलं असतं तर आम्ही दीड तास ताटकळलो नसतो.

आता हिशेब. मेनूवर क्रॉफिशपुढे आकडा नव्हता, ‘बाजारभाव’ एवढंच छापलेलं. आम्ही समजलो एका ताटाचा भाव. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, किती पौंड? खाणारे मोठे चौघं, म्हणून मित्राने अंदाजाने बारा सांगितले. त्या दिवशी भाव ९ डॉलर पौंड होता, म्हणजे नुसत्या क्रॉफिशचे १०८ डॉलर. कणीस आणि बटाटे वेगळे. हे वजन सगळं कवचासकट असतं. शेपटीतलं खाण्याजोगं मांस निघतं जेमतेम १५ टक्के. बारा पौंड म्हणजे साडेपाच किलो, त्यातून माणशी दोनशे ग्रॅम मांस हाती आलं. तिथली माणसं एकेकटी तीन ते पाच पौंड संपवतात, त्यामुळे बारा पौंड जास्त नव्हतेच. राग त्याचा नाही. भाव आधी कोणी बोललं नाही आणि आम्हीही विचारला नाही, राग याचा आहे. बसल्याबरोबर विचारा: आज पौंडाला किती? कणीस-बटाटा त्यातच का वेगळा? यात लाजण्यासारखं काही नाही, शेजारच्या टेबलावरचे गावकरीही तेच विचारत होते.

टिपचं असं झालं. सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के आपोआप लावतात. बिलात ते ३५ डॉलर बारीक अक्षरात होते. त्याखाली टिपची रिकामी ओळ होती. दमलेल्या डोक्याने मी तिथे आणखी ३५ लिहिले. गाडीत बसल्यावर बायकोने पावती वाचली. परत जाऊन मागायला मन धजेना, पण अजून खुपतंय. सहा जण असाल तर सही करण्याआधी पावती वरपासून खालपर्यंत वाचा.

बायको शाकाहारी. ऑफिसातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की रेड बीन्स अँड राइस म्हणजे आपला राजमा-चावल. ते साफ खोटं आहे. त्या घेवड्यात सॉसेज किंवा डुकराचं खारवलेलं मांस घालून तासन्‌तास शिजवतात. तिने दोन घास खाल्ले आणि मग तुकडा दाताखाली आला. ती रडली. वाढणाऱ्या बाई मनापासून वाईट वाटून म्हणाल्या की विचारलं असतंत तर सांगितलं असतं. भेंडीच्या गंबो नावाच्या रश्श्यातही मांस असतं, फरसबीत बेकन, राइस ड्रेसिंग नावाच्या भातात चिकनच्या काळजा-पोट्याचा खिमा. फ्रेंच फ्राइज त्याच तेलात तळतात ज्यात कोळंबी आणि मासे तळलेले असतात. शाकाहारी माणसाला या गावात धड जेवण नाही, असं समजूनच चला. घरून डबा न्या आणि गाडीत शांतपणे जेवून मगच आत बसा.

एवढं सगळं होऊन मी परत जाईन. कारण आई.

जाताना क्राउलीजवळ हायवेच्या कडेला पाणी भरलेली शेतं आणि त्यातून डोकावणारे लाल टोकांचे सापळे दिसले होते. तेव्हाच ती म्हणाली, ‘अरे, ही तर भाताची खाचरं.’ बरोबर होतं तिचं. भात कापला की शरदात तिथे पुन्हा पाणी सोडतात आणि बिळांत दडलेली क्रॉफिश बाहेर येते. पहिल्या पावसात खाचरातले मुठे पकडत वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही. ताट समोर आलं तशी तिने मुंडी पिळून वेगळी केली, शेपटी सोलली आणि मुंडीतला पिवळा रस शोषून घेतला, कोणी न शिकवता. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ, जे आपसात फ्रेंचमध्ये बोलत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. १७५५ पासून इंग्रजांनी यांच्या पूर्वजांना कॅनडातल्या अकेडियातून हुसकावलं. ‘अकेडियन’चंच पुढे ‘केजन’ झालं, हेच या लोकांचं नाव. आई आणि ते आजोबा, एकमेकांची भाषा न कळता, अर्धा तास खाणाखुणांनी खेकड्यांबद्दल बोलत होते.

तिखटाला कमी लेखू नका. मालवणी मसाला पचवणारे आम्ही ‘स्पायसी’ मागवून बसलो. तिखट त्या पाण्यातच मुरलेलं असतं, ओठ आणि नखांखालची कातडी पेटते. मुलाने त्याच हाताने डोळा चोळला, पंधरा मिनिटं पाण्याने धुवावा लागला. मुलं असतील तर मध्यम तिखट सांगा आणि डोळ्याला हात लावायचा नाही हे आधीच बजावा.

निघताना बर्फाची पेटी बरोबर असू द्या. वाटेत सोललेल्या शेपट्यांची पाकिटं मिळतात. उलटी करून वाचा, चीनहून आलेलीही असतात, लुईझियानाची बघूनच घ्या. आत पिवळी चरबी असते, ती धुऊन टाकू नका, चव त्यातच आहे. आम्ही दोन पाकिटं आणली. रविवारी आईने ओलं खोबरं आणि तिरफळं घालून त्याचं कालवण केलं.