नववी खाच

दिवाळीला बारा-तेरा दिवस राहिले की आमच्या सराफ्यात मोड यायला लागते. तुटके पैंजण, जोडीदार हरवलेलं जोडवं, चेपलेलं निरांजन. नवं घ्यायचं म्हणून जुनं मोडायचं. अंबाजोगाईत माझं छोटं दुकान आहे आणि बावीस वर्षं झाली, या मोडीतून मी नाणी बाजूला काढत आलोय. राणीछाप, पंचम जॉर्ज, चारमिनारचा हाली रुपया इकडे अजून निघतात. निजामाच्या मुलखात इंग्रजांचा कलदार आणि निजामाचा हाली, दोन्ही चालायचे. पण माझा खरा जीव अडकलाय प्रूफ नाण्यांत, आणि ती मोडीत कधी येत नाहीत.

प्रूफ म्हणजे चलनासाठी नाही, तर संग्रहासाठी पाडलेलं नाणं. ठसा घोटून आरशासारखा केलेला, कोरी चकतीही घोटलेली, आणि एकाऐवजी दोन-तीन ठोके सावकाश दिलेले. त्यामुळे मोकळी जागा आरसा होते आणि चित्र-अक्षरं त्यावर दहिवर पडल्यासारखी पांढरट दिसतात. साधं नाणं यंत्रातून ढिगात पडतं, एकमेकांवर आपटतं. प्रूफ हातानं उचलून ठेवतात. मुंबई टांकसाळीच्या साध्या नाण्यावर सनाजवळ पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण असते, प्रूफवर तिच्या जागी इंग्रजी ‘बी’ असतो. शहराचं नाव बदलल्यावर ‘बी’ जाऊन ‘एम’ आला.

त्या दिवशी दुपारी घाटनांदूरहून एका मुलाचा फोन आला. आजोबांची नाणी आहेत, चांदी मोडीत काय भावानं घेता? फोटो पाठव म्हटलं. फोटो हललेला होता, पण त्यात एक सहा कोनी नाणं होतं. तीन पैसे, ॲल्युमिनियमचं. त्याची मोकळी जागा काळीभोर दिसत होती आणि आकडा पांढरा. नाणं जरा कललं की आरसा फोटोत काळा येतो. झिजलेलं किंवा नुसतं स्वच्छ ॲल्युमिनियम असं कधीच दिसत नाही, ते राखाडी दिसतं. मी गल्ला धाकट्या भावाच्या हवाली केला आणि गाडीला किक मारली.

माळवदाचं जुनं घर. लाईट गेलेली. आजी बाजेवर बसल्या होत्या, नातू दारात उभा. आजोबा पोस्टात होते. मनीऑर्डर भरून त्यांनी हा संच मुंबईहून मागवला होता. गांधीजींच्या जन्मशताब्दीचा, १९६९ चा. एक पैशापासून दहा रुपयांपर्यंत नऊ नाणी.

डबी उघडली तर नाणी आठ. नववी खाच रिकामी.

मी आधी काहीच विचारलं नाही. बाजेवर टॉवेल पसरला, कारण हातातून नाणं सुटलं तर मऊ जागी पडावं. दहापट दाखवणारं भिंग काढलं. ट्यूबलाईट नव्हती हे एका परीनं बरंच झालं. पसरट उजेडात सगळी प्रूफ सुंदर दिसतात आणि तिथंच माणूस फसतो. बारीक चरे बघायचे तर उजेड एकाच बिंदूतून यायला हवा. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप खाली येत होती, तिच्यात मी एकेक नाणं कडेनं धरून हळूहळू फिरवू लागलो.

“काय बघायलास रे लेकरा एवढं?” आजी म्हणाल्या. “ते तर जर्मलचं हाय.”

त्या जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एका पैशानं माझे हात थरथरले. चौकोनी, नखाएवढं नाणं. फिरवलं, पुन्हा फिरवलं, एकही चरा नाही. माझ्या पापण्या त्यात दिसत होत्या. सनाखालचा ‘बी’ इतका कोरीव की त्याच्या दोन्ही पोकळ्या भिंगाखाली वेगळ्या मोजता येत होत्या. ॲल्युमिनियम मऊ धातू, रुमालानं नुसतं पुसलं तरी ओरखडतं. पन्नासहून जास्त वर्षं ते असं राहिलं, कारण त्याला कुणी किंमतच दिली नाही.

दोन, तीन आणि पाच पैसेही तसेच. पितळी दहा पैशांच्या कडेला हिरवट चिकट थर होता. मऊ प्लास्टिकमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या तांब्या-पितळेला हा रोग होतो. तो खरवडायचा नसतो. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं नुसतं बुडवून ठेवायचं, थर सुटतो, धातूला काही होत नाही. नेलपॉलिश काढायचं रंगीत, वासाचं पाणी मात्र चालत नाही. वीस पैसे सोनेरी-तपकिरी झालेले, मला ते तसेच आवडतात. निकेलच्या पन्नास पैशांवर थोडं धुकं. आणि रुपयावर, गांधीजींच्या चेहऱ्यासमोरच्या आरशात, अंगठ्याचा ठसा. रेष न् रेष उमटलेला.

हा ठसा जात नाही. बोटाचा घाम आणि तेल धातूला खात जातं, वर्षांनी ते पृष्ठभागातच उतरतं. ग्रेडिंगला पाठवलं तर असल्या ठशाचे गुण कापले जातात. अमेरिकेत पीसीजीएस ही कंपनी १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून नाणी पारखायचं हे काम करतात. ७० पैकी गुण देऊन नाणं प्लास्टिकच्या कवचात बंद करतात. मी कवचातली नाणी सहसा घेत नाही. ती वाईट असतात म्हणून नाही. एक पैशाच्या नाण्याला नाण्यापेक्षा जास्त फी भरणं मला पटत नाही, आणि दुसऱ्याच्या डोळ्यानं बघायची सवय लागली की आपला डोळा जातो, असं माझं मत आहे.

हा डोळाही फुकट आलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी दहा रुपयांचं ‘प्रूफ’ घेतलं होतं. महिनाभराची कमाई गेली. घरी आल्यावर नीट पाहिलं तर साधं नाणं बफवर घासून चमकवलेलं. मोकळी जागा आरशासारखी होती, पण अक्षरांच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या आणि चित्रावर दहिवराचा पत्ता नाही. खऱ्या प्रूफचा आरसा अक्षराच्या मुळापर्यंत जातो, बफचं चाक तिथवर पोचत नाही. शिवाय सनाजवळ चौकट होती, ‘बी’ नव्हता. मी डबी बघून भुललो होतो. ते नाणं मी विकलं नाही, अजून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे. नव्या संग्राहकाला आधी तेच हातात देतो.

“नववं कुठाय आजी?”

“देव्हाऱ्यात. चांदीचंय ते.”

नातवानं आणून दिलं. महात्मा गांधी, दहा रुपये. हळद-कुंकू अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेलं. दर लक्ष्मीपूजनाला पंचामृत, त्याच्या आदल्या दिवशी रांगोळी लावून घासणं. गांधीजींचा कान जवळजवळ सपाट झाला होता, आरशाच्या जागी गोल गोल रेघांचं जाळं. काट्यावर ठेवलं. टांकसाळीतून निघताना हे नाणं १५ ग्रॅमचं असतं, इथं १४.९ च्या आसपास भरलं. ‘बी’ मात्र अजून ओळखू येत होता.

आमच्या भागात असंच होतं. चांदीचं नाणं आलं की ते लक्ष्मी होतं, आणि लक्ष्मी उजळ ठेवायची असते. त्यात कुणाची चूक नाही. पण म्हणूनच १९६९ चे चांदीचे दहा रुपये प्रूफमध्ये, हात न लागलेले, मराठवाड्यातल्या घरातून मला आजवर एकदाही मिळालेले नाहीत. घासलेल्या नाण्याला ग्रेडिंगवाले गुणसुद्धा देत नाहीत, ‘घासलेलं’ एवढाच शेरा मारतात.

नातू म्हणाला, “दादा, चांदीच्याच भावात धरा, बाकीचं असंच घेऊन जा.”

मी त्याला खाली बसवलं. सांगितलं, चांदी ८० टक्के, म्हणजे मुळात १२ ग्रॅम, तिचा भाव एवढा. हे मोडू नका, हे देव्हाऱ्यात जाऊ द्या. आणि हा जर्मलचा एक पैसा, माझ्यासारख्याला तो या सगळ्या चांदीपेक्षा जास्त मोलाचा आहे. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग भिंग त्याच्या हातात दिलं, तिरिपीत नाणं कसं कलवायचं ते दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आजी, हे बघ की.”

आजींनी एक पैसा बघितला, दोन पैसे बघितले आणि रुपयावर थांबल्या.

“ह्यो आंगठा कुणाचा?”

“सांगता येत नाही आजी. ज्यानं डबी उघडली त्याचा असंल.”

“ते कुणाला हात लावू देत नव्हते डबीला.”

त्यांनी तो रुपया चिमटीत उचलला, दोन्ही बाजूंना बोटं टेकवून. इतर कुणी असं केलं असतं तर मी ओरडलो असतो. त्यांनी तो पदराच्या टोकात बांधला.

उरलेल्या सात नाण्यांचा भाव मी कागदावर वेगवेगळा लिहून दिला, संभाजीनगरच्या आणखी दोघांना विचारा म्हणून त्यांचे नंबरही दिले. नातवानं बाहेर जाऊन फोन लावले, परत आला आणि मान हलवली. पैसे मी तिथंच मोजले.

निघताना आजी देव्हाऱ्यासमोर बसून नाणं परत जागेवर ठेवत होत्या. वळून म्हणाल्या, “मग आता येत्या लक्ष्मीपूजनाला ह्याला घासू का नको?”

“घासा आजी,” मी म्हणालो. “फक्त रांगोळीनं नको. चिंचेच्या कोळानं हलक्या हातानं घासा. चेहरा अजून बरीच वर्षं राहील.”